मुख्याध्यापकांच्या वडिलांमागची बाकी

विवरणपत्र भरायचे तर हिशेबाच्या वह्या लागतात, हे कर खात्याचे म्हणणे गैरवाजवी नव्हते. फ्रेमवाल्यांचीही त्याला हरकत नव्हती. वर्षाचा हिशेब त्यांनी इमानेइतबारे लिहिलेला होता. अक्षर सुवाच्य होते, एका आकड्याची खाडाखोड नव्हती. अडचण एवढीच की तो हिशेब दुकानात नव्हता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने गिऱ्हाइकांच्या घरी पोचता केला होता, आणि खिळा ठोकून, पातळी बघून, भिंतीवर टांगून दिला होता.

त्याचे असे झाले. फ्रेमवाल्यांचे दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधोमध लांब टेबल, त्यावर करवत, काचा, सरसाचा डबा, आणि फोटोंच्या मागे ठोकायचे करडे पुठ्ठे. फ्रेमवाले सकाळी कामाला बसत ते काहीतरी गोड गुणगुणत बसत आणि हात सरसाने माखले की त्यांना जगाचे भान उरत नसे. अशात कुणी पैसे आणून दिले, काचवाल्याचे बिल आले, तर ते टिपायचे कुठे? हाताशी पुठ्ठा असायचा. वही त्यांनी एकदा आणली होती, नाही असे नाही. पण ती कुठे ठेवली आहे हे त्यांनी त्याच वहीत लिहून ठेवल्यामुळे ती पुढे सापडली नाही.

तर पुठ्ठा आकड्यांनी भरत जाई. भरला की नेमका कुठल्यातरी वाट पाहणाऱ्या फोटोच्या मापाचा निघे. फ्रेमवाले तो कापत, फोटोच्या पाठीला लावत, बारीक चुका ठोकत, वरून खाकी कागदाची पट्टी चिकटवत आणि समाधानाने फुंकर मारत. नव्या पुठ्ठ्यावर सर्वांत वर ते लिहीत, 'मागील माणसावरून पुढे'.

"अहो, हिशेब असा लोकांच्या घरी का पाठवता?" बायको विचारायची.

"वरच्याला दिसतोय ना? त्याच्या नजरेतून एक खिळा सुटत नाही."

"त्याच्या नजरेतून सुटत नाही म्हणून त्यानं नोटीस पाठवलेली नाहीये. पाठवलीय ती खात्यानं."

नोटीस खरोखरच आली होती आणि तिची भाषा अतिशय सभ्य होती. महिनाअखेरपर्यंत विवरणपत्र व मूळ हिशेब तपासणीस हजर करावेत, अन्यथा दुकानाच्या परवान्याचे नूतनीकरण होणार नाही. परवाना गेला की पुढची खोली बंद. पुढची खोली बंद झाली की मागच्या खोलीतली चूल कशी चालायची, हे नोटिशीत दिलेले नव्हते. तो विषय दुसऱ्या खात्याचा असावा.

करसल्लागार आला तो तरुण होता, खिशाला दोन पेने होती आणि आयुष्यात सगळ्याची नोंद असते यावर त्याचा गाढ विश्वास होता.

"काका, वह्या काढा," तो म्हणाला.

"वह्या नाहीत. हिशेब आहे."

"मग हिशेब काढा."

"तो काढायला पक्कड लागेल. आणि तीन घरचे लोक घरी असायला हवेत."

आतून बायकोचा आवाज आला, "अहो, त्यांना आधी बसायला सांगा. उभ्याउभ्यानं ऐकण्यातलं नाही ते."

सल्लागार बसला. फ्रेमवाल्यांनी सगळे नीट सांगितले. वर्षाची सुरुवात मुख्याध्यापकांच्या वडिलांमागे आहे, तिथून पुढे दंतवैद्यांची पदवी, तिथून एका जोडप्याचा लग्नातला फोटो, आणि अखेरची शिल्लक घरातच आहे, आमच्या अण्णांच्या मागे. सल्लागाराने हे सगळे लिहून घेतले. मग पेनाचे टोपण लावले, काढले, पुन्हा लावले.

"काका, हा हिशेब तुमच्याशिवाय कुणी पाहिलाय?"

"वरच्यानं."

"त्याच्याकडून साक्षांकित प्रत मिळेल?"

तो थट्टा करत नव्हता. तशी प्रत कुठून मिळवता येईल याचा विचार त्याने आधी करून पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी दोघे पक्कड घेऊन निघाले. मुख्याध्यापक निवृत्त झाले असले तरी घरात अजून शाळा भरल्यासारखे उभे असत. त्यांचे वडील सोफ्याच्या वर होते, फ्रेमवाल्यांच्याच हातच्या नक्षीदार फ्रेममध्ये.

"माझ्या वडिलांनी जन्मात कुणाच्या पैशाला हात लावला नाही," मुख्याध्यापक म्हणाले. "त्यांच्या फोटोत तुमचे पैसे कसे?"

"फोटोत नाहीत, सर. मागे आहेत. त्यांना ठाऊकही नाही."

वडील खाली उतरले, टेबलावर पालथे झोपले, पट्टी फाडली, चुका पकडीने उपसल्या. पुठ्ठ्यावर काच, खिळे, सरस, विजेचे बिल, विकलेल्या फ्रेमा, सगळे ओळीने हजर. सल्लागाराच्या डोळ्यांत पाणी यायचे बाकी राहिले. तळाला लिहिले होते, 'बाकी पुढे, दंतवैद्यांची पदवी'.

दंतवैद्यांनी मात्र पदवी खाली काढू देण्यास ठाम नकार दिला. त्यांच्या खुर्चीत एक पेशंट तोंड उघडून पडलेला होता.

"पदवी उतरली की पेशंट उठतो," ते म्हणाले. "माझा अनुभव आहे. टांगलेलीच नुसती उलटी करा आणि काय वाचायचं ते वाचा. लवकर."

मागची बाजू कोपऱ्यात पडत होती, उजेड पोचेना. तेव्हा खुर्चीवरचा दिवा थोडा तिकडे वळवला. फ्रेम तिरकी धरायला कुणीतरी हवे होते. पेशंटचे हात मोकळेच होते. त्याने ती धरली. तोंड अर्थातच उघडे होते, त्यामुळे त्याचे याबद्दलचे मत कळू शकले नाही. सल्लागाराने आकडे उतरवून घेतले आणि तळाशी वाचले, 'बाकी पुढे, नवराबायको'.

आता त्या नवराबायकोची गोष्ट अशी की ते मधल्या काळात नवराबायको राहिलेले नव्हते. समजुतीने वेगळे झाले होते आणि घरातल्या सगळ्या वस्तूंची निम्मीनिम्मी वाटणी केली होती. लग्नाच्या फोटोवर वाद झाला तेव्हा त्यांनी तो फ्रेमसकट मधोमध करवतीने कापून घेतला. फ्रेमवाल्यांची सवय अशी की पुठ्ठ्यावर डावीकडे जमा लिहायची आणि उजवीकडे खर्च. फोटोत दोघे जसे उभे होते त्या हिशेबाने पुठ्ठ्यावरची सगळी जमा नवऱ्याकडे गेली होती आणि सगळा खर्च बायकोकडे.

नवऱ्याकडचा अर्धा भाग पाहून सल्लागाराचा चेहरा उतरला. "काका, नुसतं उत्पन्न आहे. असंच भरलं तर कर भरायला दुकान विकावं लागेल."

म्हणून दोघांना फ्रेमवाल्यांच्या टेबलाशी बोलावण्यात आले. दोघे आले, आपापला अर्धा भाग काखेत मारून, आणि टेबलाच्या दोन टोकांना बसले.

"खर्च माझ्याकडे निघाला," ती म्हणाली. "यात कुणाला नवल वाटतंय?"

"त्यात काच फुटल्याची नोंद आहे बघ," तो म्हणाला.

"ती फुटली तेव्हा तू कुठं होतास, तेही असेल खाली कुठंतरी. फ्रेमवाले सगळं लिहितात."

फ्रेमवाल्यांनी दोन्ही तुकडे जुळवून मधून चिकटपट्टी लावली. सल्लागाराने बेरजा केल्या, वजाबाकी केली आणि मान वर करून हळूच म्हणाला, "पैसा न् पैसा जुळला." त्या दोघांचे एकमेकांशी इतके जुळल्याचे बऱ्याच काळात कुणी ऐकले नव्हते. तीही किंचित हसली, तोही. मग फ्रेमवाल्यांनी पट्टी सोडवली आणि दोघे आपापला भाग घेऊन दोन वेगळ्या दिशांना गेले.

राहिले अण्णा. अण्णा म्हणजे फ्रेमवाल्यांचे वडील. हे दुकान त्यांचेच. त्यांचा फोटो मागच्या खोलीत आईच्या खुर्चीसमोर होता. आई रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्यांच्यापुढे बसे आणि कालचा दिवस सांगे. कोण आले, सून काय म्हणाली, गुडघ्याचे कसे आहे. अण्णा जिवंतपणी इतके ऐकत नसत, त्यामुळे आता तिचे बरे चालले होते. तिने फोटो उतरवू दिला, पण सल्लागाराने आकडे लिहून घेईपर्यंत ती शेजारी उभी राहिली आणि मध्येच म्हणाली, "आटपा. त्यांना पालथं झोपलेलं आवडायचं नाही."

शिल्लक जुळली. अण्णा परत भिंतीवर गेले. सल्लागाराने सगळे एका कोऱ्या वहीत सुंदर अक्षरात उतरवले, आणि दोघे खात्यात गेले.

तपासनीस बाईंनी वही चाळली. "छान आहे," त्या म्हणाल्या. "पण ही नक्कल झाली. मूळ कुठाय?"

सल्लागाराने सांगितले. बाई जराही विचलित झाल्या नाहीत. सरकारी कामात विचलित होण्यासाठी वेगळी परवानगी लागते. त्यांनी फायलीवर टिपण केले, 'मूळ अभिलेख पाच भिंतींवर विखुरलेले आहेत', आणि म्हणाल्या, "जमा करा."

"लोक देणार नाहीत, मॅडम. त्यांची माणसं आहेत त्यात."

"माणसं ठेवू दे त्यांना. आम्हाला मागची बाजू हवी."

खाते निर्दय नव्हते. त्याने यावर एक परिपत्रक काढले. त्यात असे ठरले की अभिलेख जिथे आहेत तिथेच राहावेत. ज्याच्या भिंतीवर ते असतील त्याला अभिलेखपालक समजावे. तपासणी कधीही होऊ शकत असल्याने मजकुराची बाजू खोलीकडे येईल अशा रीतीने फ्रेम टांगावी. आणि मजकुराच्या मागे कोणतीही व्यक्ती आढळल्यास तिने तपासणीत अडथळा आणू नये. शेवटचे कलम बारीक अक्षरात होते. अभिलेखपालकास त्याच्या स्वतःच्या करात अल्प सवलत मिळेल.

परिपत्रक आले त्या संध्याकाळी मुख्याध्यापक फ्रेमवाल्यांकडे येऊन खूप बोलले. वडिलांनी भिंतीकडे तोंड करायचे म्हणजे काय, ते वर्गातले उनाड पोर आहेत काय, आपण हे कदापि होऊ देणार नाही, गरज पडल्यास वरपर्यंत जाऊ. बायकोने त्यांना पाणी दिले. सल्लागार म्हणाला, "सर, शेवटचं कलम वाचलंत?" त्यांनी चष्मा वर करून वाचले. मग खाली करून वाचले.

"तसं म्हटलं तर," मुख्याध्यापक म्हणाले, "वडील शिस्तीचे फार कडक होते. नियम म्हणजे नियम."

घरी जाऊन त्यांनी वडिलांना स्वतः फिरवले. दंतवैद्यांनी पदवी फिरवली आणि पेशंटांना सांगू लागले की ही आमच्याकडची खात्याने प्रमाणित केलेली बाजू आहे. जोडप्यातल्या दोघांना निम्मीनिम्मी सवलत मिळाली.

इथवर सगळे ठीक होते. पण सवलत ही फार पसरणारी गोष्ट आहे. मुख्याध्यापकांच्या शेजारच्यांना कळली, दंतवैद्यांच्या पेशंटांना कळली, आणि एका सकाळी फ्रेमवाल्यांच्या दारात लॉन्ड्रीवाले उभे राहिले. हातात सासूबाईंचा फोटो.

"मागं दोनचार आकडे लिहून द्या की."

"माझा हिशेब तुमच्या सासूबाईंमागे नाहीये हो. खोटं कसं लिहू?"

"मग खरं लिहा. पण लिहा."

फ्रेमवाल्यांनी हात जोडून नकार दिला. लॉन्ड्रीवाले घरी गेले आणि किराण्याचा, दुधाचा, सिलिंडरचा हिशेब त्यांनी स्वतःच लिहिला. त्याने खात्याचे काही बिघडले नाही. हिशेब कुणाचा असावा हे परिपत्रकात म्हटलेलेच नव्हते. पाहता पाहता रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांतून माणसे भिंतीकडे वळली. पाहुणे येत, सोफ्यावर बसत, मान वर करून म्हणत, "वा, अक्षर छान आहे." कुणाच्या घरी किती अभिलेख आहेत यावरून सोयरिकी ठरू लागल्या. एक नवे जोडपे तर फ्रेम घ्यायला आले तेव्हा म्हणाले, फोटो नको, तो कोण बघतो, पुठ्ठा चांगला जाड घाला.

आणि या सगळ्या गावात खोलीकडे तोंड करून एकच माणूस उरला. अण्णा.

"आई, परवाना जाईल गं," फ्रेमवाले म्हणाले. "उद्या बाई येणार आहेत बघायला. सगळ्यांचं झालं. आपलंच राहिलंय. आणि शिल्लक त्यांच्याच मागे आहे."

"शिल्लक आहे म्हणून त्यांनी तोंड फिरवायचं? त्यांनी काय केलंय?"

"काही नाही केलं. हे दुकान केलं."

"हो ना. मग त्यांच्या दुकानासाठी त्यांनाच भिंतीकडे उभं करणारा तू कोण लागून गेलास? मी सकाळी कुणाशी बोलू? विजेच्या बिलाशी?"

फ्रेमवाले पुढच्या खोलीत येऊन टेबलाशी बसले. गुणगुणणे बंद झालेले होते. हे दुकान गेले तर अण्णांचे काय राहिले, आणि हे दुकान ठेवले तर आईचे काय राहिले, असा तो हिशेब होता आणि तो कुठल्या पुठ्ठ्यावर मांडून सुटेना. वरच्याला त्यांनी मनातून हाक मारली. वरून उत्तर आले नाही, बायकोकडून आले.

"अहो, एक विचारू? काच फक्त पुढच्याच बाजूला बसवतात का?"

"मग कुठे बसवणार?"

"मागे."

फ्रेमवाल्यांनी तिच्याकडे पाहिले. आयुष्यभर त्यांनी पुढे काच आणि मागे पुठ्ठा बसवला होता. पुठ्ठ्यालाही कुणी बघू शकते ही कल्पना त्यांना शिवली नव्हती. ते उठले. जाड पट्टीची नवी चौकट कापली, दोन काचा बसवल्या, मध्ये अण्णा आणि त्यांच्या पाठीला शिल्लक. दोन्ही खोल्यांच्या मधल्या दाराला वरच्या चौकटीपासून दोन साखळ्यांनी ती टांगली. दुकानातून पाहिले की हिशेब, घरातून पाहिले की अण्णा. काम करताना त्यांना आपण पुन्हा गुणगुणतो आहोत हे कळलेही नाही.

बाई आल्या. पुढच्या खोलीत उभ्या राहून शिल्लक वाचली, वहीशी ताडली, मान हलवली. मग नियमानुसार अभिलेखाच्या मागे कोण आहे हे पाहण्यासाठी वाकून, फ्रेमच्या खालून, पलीकडे गेल्या आणि सरळ झाल्या. समोर अण्णा.

"बघा हो, आज कोण आलंय," आई अण्णांना सांगत होती. "मोठ्या हुद्द्याच्या आहेत. तुमचा हिशेब बरोबर आला म्हणाल्या. चहा ठेवते."

बाईंनी नकळत खांद्यावरची पर्स खाली ठेवली. मग शिस्तीत फाईल उघडून टिपण केले, 'अभिलेखाच्या मागे एक वृद्ध गृहस्थ आढळले. तपासणीत अडथळा आणत नाहीत.' शिक्का उमटला. परवाना झाला.

फ्रेमवाल्यांना इतका आनंद झाला की तो एकट्याने ठेवून घेणे त्यांना पाप वाटले. त्यांनी दारावर पाटी लावली. दोन्ही बाजूंनी काच बसवून मिळेल. मजुरी नाही, फक्त काचेचे पैसे. सवलतही राहील आणि माणूसही.

पाटी सगळ्यांनी वाचली. खूप छान कल्पना आहे, असे जाता जाता सगळे म्हणाले. आत आले एकटे मुख्याध्यापक.

"काचेचे किती?"

फ्रेमवाल्यांनी सांगितले.

"म्हणजे सवलतीतले निम्मे त्यातच जाणार."

"हो, पण वडील दिसतील, सर."

"वडील मनात आहेत हो. त्यांना बघायला काच कशाला?"

"तेही खरं," फ्रेमवाले म्हणाले. त्यांना वाद घालता येत नसे. "फोटोत त्यांना चष्मा आहे ना?"

मुख्याध्यापक बोलायला गेले आणि थांबले. भुवया जवळ आल्या. "आहे. म्हणजे असणार. वाचनाचा नाद होता. नाही, बहुतेक काढून ठेवला होता. की टोपी?" थोडा वेळ त्यांनी छताकडे पाहिले. मग चेहरा एकदम उजळला. "पण तुमचं त्या वर्षाचं विजेचं बिल विचारा. तोंडपाठ आहे मला."

त्यांनी ते म्हणून दाखवले. बरोबर होते. फ्रेमवाल्यांनी हसून मान डोलावली आणि आत गेल्यावर बायकोला एवढेच म्हणाले की बिचाऱ्या म्हाताऱ्याला ना चष्मा होता ना टोपी, एका डोळ्यावर भुवई नव्हती तेवढी.

तर मंडळी, मुख्याध्यापकांना हसून झाले असेल तर जरा असेच बसा. मान वळवू नका, भिंतीकडे बघू नका. तुमच्या घरात खोलीकडे तोंड करून जे कुणी टांगलेले आहे, आजोबा असोत, आजी असो, ते फोटोत कुठे बघताहेत, समोर की बाजूला? हात दिसतात का? सावकाश आठवा, घाई नाही.

बरं, राहू द्या. ती फ्रेम कितीला पडली होती?

बघा, कसं पटकन आठवलं.